भंगारावर पहिला हक्क कोणाचा?

आजचा धागा किल्ल्यांचा नाही आणि लढायांचाही नाही. तो सुरू होतो मार्केट यार्डाजवळच्या एका सोसायटीच्या जिन्याखाली, बंद पडलेल्या तीन संगणकांपाशी.

एम.ए.चा अभ्यास सांभाळून चार पैसे हाती यावेत म्हणून मी जुने संगणक घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले आणि त्या दिवाळीच्या साफसफाईत घरोघरचे धडधाकट संगणक जिन्याखाली आले. मी रखवालदाराला विचारून तीन उचलले. दुसऱ्या दिवशी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी मला फाटकातच गाठले. ‘‘दादा, आमचा पत्रा तुम्ही नेला व्हय?’’

तो पत्रा त्यांचा कसा, हा प्रश्न मला पडला. उत्तर शोधताना पुण्याच्या इतिहासाचे एक पान उघडले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

जुनी वस्तू मोडून नवी घेणे ही आपल्याकडची मुरलेली रीत आहे. गळके तांब्या-पितळेचे भांडे ‘मोड’ म्हणून तोलून द्यायचे आणि वर पैसे टाकून नवे आणायचे. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. मोडी लिपीशी त्याचा संबंध नाही, हे या धाग्याच्या वाचकांना सांगायला हवेच. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्यावर ठोके पडत आले. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण तर आपल्या आजीच्या दारातच बसून घासाघीस करत असे. या सगळ्या व्यवहारांत वस्तूला मालक होता. टाकून दिलेल्या वस्तूला मात्र मालक नसतो, आणि खरा पेच तिथे सुरू होतो.

आता मार्केट यार्डाकडे वळू. गुलटेकडीला येण्यापूर्वी पुण्याचा भुसार बाजार नाना पेठ आणि भवानी पेठेत होता. तिथल्या हमालांना डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीत संघटित केले. पाठीवरच्या पोत्याचे वजन १०० किलोवरून ५० किलोवर यावे, हमालीचे दर ठरलेले असावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार लढत होते. त्यातून १९६९ चा महाराष्ट्राचा माथाडी कायदा आला. रोज वेगळ्या व्यापाऱ्याचे ओझे वाहणारा माणूसही कामगारच आहे, हे या कायद्याने मान्य केले. आज मार्केट यार्डात उभे असलेले हमाल भवन या लढ्याची खूण आहे.

कागद, काच आणि पत्रा वेचणाऱ्या बायकांची गोष्ट याहून अवघड होती. त्यांतल्या बहुसंख्य दलित समाजातल्या. अनेकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून शहरात आलेली. हमालाने काम थांबवले तर व्यापाऱ्याची गाडी अडते. कचरावेचक बाईने संप केला तर अडते फक्त तिची चूल. मालकच नाही, तर मागणी कोणाकडे करायची?

एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या स्त्रियांपर्यंत पोहोचल्या होत्या. घरोघरचा कचरा गोळा करण्याचा खासगी व्यवसाय सुरू होताच वेचणाऱ्यांचा माल हातचा जाऊ लागला. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या साथीने कचरावेचकांची परिषद भरली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. हमालांचा अनुभव इथे कामी आला, पण मांडणी नवी होती. आम्ही वेचतो म्हणून शहराचा कचरा कमी होतो, कारखान्यांना कच्चा माल मिळतो. तेव्हा आमचे काम मोजा आणि कचऱ्यावरचा आमचा हक्क माना. मालक नसल्याने मागणी थेट शहराकडे गेली. पुण्याच्या कामगार चळवळीतली ही सर्वांत मूलगामी कल्पना आहे, असे माझे मत आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यास महानगरपालिकेने संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. चोर समजून हटकल्या जाणाऱ्या बाईकडे दाखवायला कागद आला. काटा मारणाऱ्या दुकानदारांना पर्याय म्हणून पंचायतीने स्वतःचे भंगार दुकानही काढले. २००८ मध्ये कचरावेचकांच्याच मालकीच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला.

आणखी एक तारीख शेजारी ठेवून पाहा. १९९१ मध्ये याच शहरात सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक सादर केला, आणि दोनच वर्षांनी ही परिषद भरली. या दोन घटना एका पानावर लिहिलेल्या मी क्वचितच पाहिल्या आहेत.

इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम देशात २०११ मध्ये झाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. वस्तू बनवणाऱ्यावर तिच्या शेवटाचीही जबाबदारी आली. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांत नोंदणीचे चार वर्ग आहेत: निर्माता, उत्पादक, नूतनीकरण करणारा आणि पुनर्चक्रण करणारा. मोडतोड व पुनर्चक्रणातल्या कामगारांची नोंद आणि प्रशिक्षण राज्य सरकारकडे सोपवले आहे, पण दारातून माल उचलणारी बाई या चार वर्गांत नाही. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच अधिकृत मार्गाने गोळा झाल्याची नोंद आहे. उरलेला बराचसा माल नोंदीबाहेरच्या हातांतून जातो.

या धंद्यात उतरू पाहणाऱ्यांनी मला संदेश पाठवून भाव विचारले आहेत. भाव रोज बदलतात, ते काट्यावरच कळतील. तांब्यासाठी वायर जाळू नका. तो धूर विषारी असतो. जुन्या फुगीर पडद्याच्या काचेत शिसे असते, ती फोडू नका. फुगलेल्या बॅटरीला हात लावू नका. विकण्यापूर्वी हार्ड डिस्कवरची माहिती पुसा, कारण तिच्यावर कोणाच्या तरी लग्नाचे फोटो असतात. बोर्ड आम्लात घालून सोने काढण्याची चलचित्रे पाहून तर मुळीच काही करू नका. दुरुस्त होईल ते विका, बाकीचे नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्या.

त्या तीन संगणकांपैकी दोन सुरू झाले. तिसऱ्याचा पत्र्याचा सांगाडा मी मावशींना परत नेऊन दिला. त्यांनी तो हातात तोलला, ‘‘दोन किलो भरंल,’’ म्हणाल्या, आणि गाडीवर टाकला. आता जिन्याखाली काही आले की आधी त्या पाहतात. चालण्याजोगे असेल तर मला फोन करतात आणि विक्रीतला त्यांचा वाटा आधी ठरवून घेतात. पहिल्या खेपेला मी देऊ केलेला वाटा त्यांना कमी वाटला होता. तो वाढवावा लागला.