कान्हेरीत चेमूल

टूनगॅबीहून भारतात गेलो की नातवंडांना नवगावची जुनी दफनभूमी दाखवतो. यंदा बोरिवलीच्या कान्हेरीलाही गेलो. शंभराहून अधिक लेणी, जागोजागी खडकातली पाण्याची टाकी. डोंगरात कोरलेलं गावच! दान देणाऱ्यांच्या ब्राह्मी लेखांत कल्याण, सोपाऱ्याबरोबर 'चेमूल' येतं. चेमूल म्हणजे चौल, नवगावच्या दक्षिणेला, आपल्या चेऊलकरांचं गाव. पुढे १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशांनी तर पहलवीत स्वतःची नावं कोरली. "मग आपलं नाव कुठंय, आजोबा?" नातीने विचारलं. हिब्रूचं एक अक्षरही दिसलं नव्हतं. आपण शनवार तेली, घाणा सोडून छिन्नी कोण धरणार? पोरीने 'चेमूल' तेवढं वहीत उतरवून घेतलं, चेऊलकर आजीला दाखवायला.