कुंडीतल्या वाटाण्याचा लघुपट

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून परतले आणि विल्यमसन कॅमेरा मुंबईत आला. गाठीला पैसा नव्हता. इथे चित्रपट बनू शकतो, यावर भांडवलवाल्यांचा विश्वास नव्हता. दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ एकेक चित्र टिपत राहिले. ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. ती पाहून भांडवल मिळालं आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही रीत ओळखीची आहे: आधी छोटा चालता नमुना दाखवायचा, मग पैसे मागायचे. पण मला जास्त मोलाच्या वाटतात त्या सरस्वतीबाई. फिल्मच्या कडांना अंधारात भोकं पाडणं, फिल्म धुणं, ही कामं त्या शिकल्या. त्यांचे दागिनेही गहाण पडले.

नागपुरातल्या आपल्या मेळाव्याच्या लघुपटाचं संकलन सध्या मी लॅपटॉपवर करतेय. बॅचचे सगळे चेहरे त्यात आहेतच. पण घंटा देणारे काका, प्रयोगशाळा आवरणाऱ्या मावशी यांचीही नावं श्रेयनामावलीत हवीत. बाईंना, सरांना आणि तुम्हाला ती आठवत असतील, तर मला जरूर कळवा.