न विकलेल्या वस्तूंचा इतिहास : नंदुरबार जिल्ह्यातील घरगुती कलाकुसर

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी, दप्तरे, नाणी ही नावे ओठांवर येतात. दाराला टांगलेले मण्यांचे तोरण, होळीसाठी घरीच बांधलेला कामट्यांचा टोप, लेकीच्या लग्नात मांडलेला सुपारीचा भटजी, यांना कोणी साधन मानत नाही. कारण सरळ आहे. जी वस्तू विकली गेली तिच्यावर कर बसला. जिच्यावर कर बसला तिची नोंद झाली आणि जिची नोंद झाली तिचा इतिहास लिहिला गेला. घराच्या शोभेसाठी केलेली किंवा प्रेमापोटी कोणाला दिलेली वस्तू या साखळीच्या एकाही कडीत सापडत नाही.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा बारावा खंड जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली 1880 मध्ये निघाला. खानदेशाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या दारात जावेच लागते. त्या काळच्या सरकारी लिखाणात नंदुरबारकडच्या रोशा गवताच्या सुवासिक तेलाला मानाची जागा आहे, कारण ते तेल बाहेर जात होते. त्याच गावातल्या बाया भिंतीवर काय काढत होत्या, हे विचारायला मात्र कोणी महसुली अधिकारी कशाला जाईल? मी काही विद्यापीठातला माणूस नाही. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, वही आणि मोजपट्टी घेऊन धडगाव, मोलगी, तळोदा, नवापूर या बाजूला गेली वीसेक वर्षे हिंडतो आहे. या नोंद न झालेल्या वस्तूंचा इतिहास लिहिता येतो का, एवढाच प्रश्न या लेखात मांडायचा आहे.

सावळद्याचे मडके

सुरुवात जमिनीखालून करू. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या शेतकरी वसाहतींपैकी एका संस्कृतीला तापीकाठच्या सावळदा गावाचे नाव मिळाले आहे. तिचा काळ इसवी सनापूर्वी 2000 च्या आधीचा मानतात. या लोकांच्या मडक्यांवर बाणांची टोके, मासे, पक्षी आणि झाडे रंगवलेली दिसतात. शहादा तालुक्यात तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशे आहे. तेथे 1954-55 मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळापासूनचे वस्तीचे थर एकाखाली एक उघडे केले.

पाणी भरायला साधे मडकेही चालते. त्यावर मासा काढल्याने पाणी गार होत नाही. तरीही कोणीतरी तो काढला. घरातली वस्तू घरातली वाटावी म्हणून माणूस हात चालवतो, याचा आपल्या जिल्ह्यातला हा जुन्यात जुना पुरावा आहे. येथे एक मोह मात्र आवरला पाहिजे. सावळद्याची नक्षी आणि आजच्या सातपुड्यातल्या भिंतीवरची नक्षी शेजारी ठेवून ‘चार हजार वर्षांची अखंड परंपरा’ असे लिहिणे सोपे आहे. पण बाण आणि मासा यांचे चित्र कोणत्याही नदीकाठचा माणूस काढील. नुसत्या साम्यावरून वंशावळ जोडली तर ते संशोधन होत नाही, ती गौरवगाथा होते.

होळीचा टोप आणि सुकवलेला भोपळा

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा गावांत घरगुती कारागिरीचा मोठा हंगाम होळीचा. होळीच्या आधीच्या आठवड्यात जागोजाग भोंगऱ्या बाजार भरतात. लोक तेथून गुलाल, डाळ्या, साखरेचे हार, घुंगरू आणि रंगीत कागद घेतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी संस्थानची राजवाडी होळी तर आता जिल्ह्याबाहेरही माहीत झाली आहे. बाजारातून येतो तो कच्चा माल. तयार सोंग कोणी विकत घेत नाही, ते घरीच करायचे असते.

नवस फेडण्यासाठी जे बावा-बुध्या होऊन नाचतात, ते काही दिवस ‘पालनी’ पाळतात. खाटेवर झोपायचे नाही, खाण्यापिण्याचे नियम मोडायचे नाहीत. याच दिवसांत टोप बांधला जातो. बांबूच्या पातळ कामट्यांचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद, बेगड, आरशाचे तुकडे आणि माथ्यावर मोरपिसे. अंगावर राखेचे किंवा पिठाचे ठिपके आणि कमरेला सुके भोपळे किंवा मोठे घुंगरू.

भोपळा सुकवणे हे वाटते तितके सोपे नाही. फळ वेलीवरच राहू द्यायचे. देठ पूर्ण वाळला, साल नखाने खरवडली जाईना, की मगच तोडायचे. गर काढायचा असेल तर देठाकडून भोक पाडून आत पाणी भरायचे आणि गर कुजू द्यायचा. मग खडे घालून खळखळवून धुवायचे. कमरेला बांधायच्या भोपळ्यात मात्र बिया तशाच राहू देतात, कारण नाचताना त्याच वाजतात. हाच भोपळा एका घरात पाण्याचा तुंबा होतो आणि नवापूरकडच्या कोकणा वस्तीत बांबूच्या नळ्या जोडल्या की पावरी हे वाद्य होते. शोभेची वस्तू, वापराची वस्तू आणि देवाची वस्तू अशी विभागणी आपण शहरात करतो. येथे ती लागू पडत नाही.

या टोपाचा इतिहास कायद्याच्या पुस्तकातही वाचता येतो. 1878 च्या वन कायद्याने जंगले राखीव झाली. 1927 च्या भारतीय वन कायद्याने झाडाच्या व्याख्येत बांबूही धरला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत, पण कायद्याच्या दृष्टीने झाड! त्यामुळे घराच्या मागच्या डोंगरावरून चार कामट्यांपुरता बांबू आणायचा तरी जंगलखात्याचा धाक राहिला. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरवले. 2017 च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून सुटला. मोरपिसाचेही तसेच आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने मोराला सर्वांत कडक संरक्षण दिले, पण आपोआप गळलेल्या पिसांना देशांतर्गत वापरासाठी सूट ठेवली. ‘घरच्या घरी, टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द आपण सहज उच्चारतो. पण कोणती वस्तू टाकाऊ आणि ती कोणी उचलायची, हे ठरवणारी सत्ता अनेकदा घराबाहेर असते.

सपाटीवरचे सण

सातपुडा उतरून तापीकाठी आलो की हंगाम बदलतो. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराई बसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई येते. नारळाला डोळे, नथ, लुगडे चढवून घराघरात देवी उभी राहते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई. पोळ्याला मातीचे बैल.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. यातली बहुतेक कलाकुसर काही दिवसांतच संपवायची असते. कानबाई नदीवर जाते, मातीच्या मूर्ती पाण्यात विरतात. त्यामुळे वस्तू जपून ठेवायची नसते, जपायची असते ती करण्याची रीत. मुलगी आईजवळ बसून नारळाला नथ कशी अडकवायची ते पाहते आणि पुढच्या वर्षी सासरी तेच करते. संग्रहालयाला अशी परंपरा पकडता येत नाही, कारण कपाटात ठेवायला तिच्यात काही उरतच नाही.

रुखवत : घरातली संपत्ती, बायकांची सही

उरते ते रुखवतात. टापटी व्हॅली रेल्वेने 1900 च्या सुमारास सुरत आणि खानदेश जोडले आणि नंदुरबारला सुरतेची बाजारपेठ जवळ आली. शहादा, नंदुरबारकडच्या गुजराती आणि गुजर घरांत दारावर मण्यांचे तोरण आणि भिंतीवर भरतकामाचा चाकळा ही शोभेची रीत होतीच. सौराष्ट्रातल्या मोतीभरताला लागणारे बारीक काचमणी एकोणिसाव्या शतकात व्हेनिसहून समुद्रमार्गे येत. म्हणजे ‘अगदी आपले’ वाटणारे तोरणही निम्मे परदेशी मालाचे. घरगुती कला ही बंद दारामागची कला असते, हा समज येथे मोडतो. तिला बाहेरचे जग नेहमीच माहीत होते. ते घेऊन तिने आपल्या पद्धतीने ओवले, एवढेच.

1930 मध्ये ‘स्त्री’ मासिक निघाले. पुढच्या दशकांत विणकाम-भरतकामाचे नमुने छापील कागदावरून मराठी घराघरांत पोचले. मग क्रोशाचे रुमाल, मोत्यांचा मोर, टिकल्यांची चित्रे, सुपारीचे नवरा-नवरी आणि सप्तपदीच्या सजवलेल्या सुपाऱ्या रुखवतात आल्या. लग्नमंडपात वराकडचे पाहुणे टेबलाभोवती फिरत आणि ‘हे कोणी केलं?’ असे विचारत. हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जिच्या नावावर शेत नाही, घर नाही, सातबारा नाही, अशा बाईचे नाव मोठ्याने घेतले जाण्याची ती एक जागा होती. मावशीने तोरण, काकूने रुमाल, शेजारणीने मोर. रुखवत ही त्या मुलीमागे उभ्या असलेल्या बायकांची यादीच असे.

त्याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. रुखवत पाहणीत मुलीची परीक्षा होत असे आणि कौतुकाच्या टेबलाशेजारी भांडी-फर्निचरचा हिशेबही मांडला जाई. भेट आणि हुंडा यांच्यामधली रेघ त्या टेबलावर कितीदा पुसली गेली, हे ज्यांनी मुलींची लग्ने केली त्यांना सांगायला नको.

दोन अधिवेशने आणि शाळेचा तास

घरगुती साहित्याच्या सजावटीला राष्ट्रीय प्रतिष्ठा मिळाली ती याच तापीच्या खोऱ्यात. डिसेंबर 1936 मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी बांबू, चटया, गवत अशा गावातच मिळणाऱ्या साहित्यातून त्याची सजावट केली. फेब्रुवारी 1938 मध्ये खाली सुरत जिल्ह्यात, तापीच्याच काठी हरिपुऱ्याला दुसरे अधिवेशन झाले. त्यासाठी बोस यांनी गावकऱ्यांच्या रोजच्या कामांवरची पोस्टरे रंगवली. दोन्ही ठिकाणांच्या मधला प्रदेश म्हणजे आपला नंदुरबार.

1937 च्या वर्धा योजनेने हस्तव्यवसाय शिक्षणाच्या मध्यभागी आणला. कोठारी आयोगाने (1964-66) ‘कार्यानुभव’ सुचवला. पुढे शाळेत कागदी फुले, आकाशकंदील, नारळाच्या करवंटीचे माकड आले. त्या तासाला बसलेले वाचक आज हा अंक हातात घेऊन असतीलच. पण ज्या आश्रमशाळेतल्या मुलाच्या घरी वडील कामट्यांचा टोप बांधतात, त्यालाही तेथे शिकवले जायचे घोटीव कागदाचे फूल. घरचा धडा शाळेला धडा वाटला नाही.

शेजारच्या प्रदेशांत भिंतीवरची कला कागदावर आली आणि तिला नाव मिळाले. डहाणूकडे भास्कर कुलकर्णी यांनी वारल्यांच्या हाती कागद दिला आणि जिव्या सोमा मशे जगाला कळले. झाबुआच्या भुरीबाईंना भोपाळमध्ये जे. स्वामीनाथन यांनी कागदावर काढायला लावले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के आदिवासी लोकसंख्या असलेल्या नंदुरबारच्या वाट्याला असा कागद घेऊन कोणी आले नाही. याचे दुःख करावे की समाधान, यावर मी बराच विचार केला आहे. बाजारात गेलेल्या कलेला पैसा मिळतो, कलाकाराला मान मिळतो, हे लहान नाही. पण त्याबरोबर गिऱ्हाईकाची चौकटही येते. होळीच्या टोपाला गिऱ्हाईक नाही, म्हणून तो अजून नवसाच्या मापाने बांधला जातो.

हलवता न येणाऱ्या भिंती

मात्र एक नुकसान असे आहे की त्यावर दोन मते होऊ शकत नाहीत. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील 33 गावे बाधित झाली. माणसे तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत आली. घर सोडताना लाकडी खांब, दार, कणग्या, जाते गाड्यांवर चढले. कुडाची लिंपलेली भिंत चढवता येत नाही. नुकसानभरपाईच्या कागदात जमीन मोजली गेली, झाडे मोजली गेली, घराचे लाकूड मोजले गेले. भिंतीवर सासूने बोटांनी उठवलेल्या मोराला रकाना नव्हता. लेखाच्या सुरुवातीची साखळी येथे पुन्हा भेटते. ज्याची किंमत लागत नाही त्याची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद नाही ते बुडाले तरी बुडाल्याचे कागदावर दिसत नाही.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा, कार्यानुभवाच्या तासाला, मुलांना घरी पाठवून एका वस्तूची नोंद करायला लावावी. वस्तू काय, कोणी केली, कशापासून केली, कोणासाठी केली आणि ती कोणाकडून शिकली, हे पाच प्रश्न पुरेत. 1 जुलै 1998 रोजी झालेल्या या जिल्ह्याला स्वतःचे जुने दप्तर फारसे नाही. खानदेशाच्या आणि धुळ्याच्या दप्तरातच त्याचा भूतकाळ विखुरला आहे. त्याचे नवे दप्तर पाचवीतल्या मुलांच्या वह्यांपासून सुरू झाले तर काय हरकत आहे? त्या वह्यांत पहिल्यांदाच आज्यांची नावे येतील, आणि एकाही नावापुढे किंमत लिहिलेली नसेल.