ब्रेकमधील वाटीचा पूर्वेतिहास

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे 1962 ते 1980 या काळात निर्माण झालेल्या एम.जी.बी. या स्पोर्ट्‌स मोटारींपैकी ज्या आजही रस्त्यावर धावतात, त्यांच्या मालकांना ब्रेकचे पेडल पायाखाली हळूहळू खचत असल्याचा, किंवा पेडलच्या दांड्यावरून ओघळलेल्या ब्रेक ऑइलने पावलाजवळचा रंग उखडल्याचा अनुभव बहुधा ज्या एका लहानशा वस्तूमुळे येतो, ती म्हणजे पेडलचा दाब द्रवावर आणणाऱ्या मास्टर सिलिंडरमधील रबरी वाटी होय. आणि या वाटीची वंशावळ मोटारीच्या जन्माच्याही जवळजवळ शंभर वर्षे मागे जाते.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सिद्धांत ब्लेझ पास्कल याच्या मृत्यूनंतर 1663 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला गेला होता. परंतु दट्ट्या आणि सिलिंडर यांमधील फटीतून द्रव निसटत होता तोवर व्यवहारात त्याचा उपयोग होणे शक्य नव्हते. 1795 साली लंडनच्या जोसेफ ब्रामा याने द्रवदाबयंत्राचे पेटंट मिळविले, तेव्हा हीच अडचण त्याच्यापुढे उभी राहिली. आणि तिच्यावर सापडलेला इलाज, ज्याचे श्रेय त्याच्याच कारखान्यातील हेन्री मॉड्स्ले या कारागिराला दिले जाते, तो खरोखर अपूर्व होता. चामडी कड्याचा ओठ दाबाच्या दिशेस उघडा ठेवावयाचा, म्हणजे जो दाब द्रवाला बाहेर लोटू पाहतो, तोच त्या ओठाला भिंतीशी अधिकाधिक घट्ट आवळतो.

अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने हीच युक्ती मोटारीच्या चाकांपर्यंत नेली, आणि 1921 साली फ्रान्सची ग्रां प्री शर्यत जिंकणाऱ्या ड्यूझेनबर्ग मोटारीने द्रवदाबाच्या ब्रेकचे सामर्थ्य जगाला दाखविले. तथापि लॉकहीडच्या कच्च्या चामड्याच्या वाट्या सुकून आक्रसत व गळत. 1924 सालच्या क्रायस्लर मोटारीसाठी तिच्या अभियंत्यांनी त्यांच्या जागी रबर योजिले, तेव्हा कोठे ही व्यवस्था सामान्य गिऱ्हाइकाच्या भरवशास पात्र झाली. तरीही ब्रेक ओढणाऱ्या दोऱ्या व सळयांचा अंमल एकाएकी संपला नाही; एम.जी. मिजेट मोटारीला द्रवदाबाचे ब्रेक 1936 साली मिळाले, आणि बुगाटीने ते आपल्या 57 क्रमांकाच्या मोटारीवर 1938 साली स्वीकारले.

रबराने मात्र आपल्या शर्ती घातल्या. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते, म्हणून ब्रेकसाठी निराळा द्रव योजावा लागला. पुढे रूढ झालेला ग्लायकॉलवर्गीय द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो, त्या ओलाव्याने सिलिंडर आतून गंजतो, आणि गंजाच्या खड्ड्यांवर घासून वाटीचा नाजूक ओठ चिरतो. म्हणून जाणता कारागीर सरक्लिप (दट्ट्या अडवून धरणारी कडी) काढून दट्ट्या बाहेर घेतल्यावर प्रथम सिलिंडरची भिंत तपासतो. ती खड्डेदार असेल तर नव्या वाटीचे आयुष्यही अल्पच, हे जाणून तो सिलिंडर बदलतो किंवा आतून पितळेचे अथवा न गंजणाऱ्या पोलादाचे अस्तर बसवून घेतो. वाटी तो स्वच्छ ब्रेक ऑइलमध्ये भिजवून, कोणतेही धारदार हत्यार न लावता केवळ बोटांनी चढवितो, आणि ओठ दाबाकडेच राहील याची खातरजमा करतो.

मूळ भाग हट्टाने टिकवू पाहणाऱ्या संग्राहकाने एवढे ध्यानी घ्यावे, की वाटी ही प्रारंभापासूनच झिजून बदलली जाण्यासाठी योजिलेली आहे. ती वेळेवर बदलणारा कारागीर त्या मोटारीच्या मूळ रचनेशीच इमान राखीत असतो.