आजीची निर्धूर चूल

आजीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत एक गोल भोक होतं, चिंध्या कोंबलेलं. मला वाटायचं उंदरांसाठी बुजवलंय. पुढे कळलं, तिथून निर्धूर चुलीचं धुराडं बाहेर जायचं!

परवा 'कमी कार्बन'वाल्या धोरणांबद्दल वाचताना ते भोक आठवलं, आणि या चुलीचा इतिहास धुंडाळत बसलो.

कल्पना जुनी. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७च्या सुमारास 'मगन चूल' तयार झाली. १९५३ साली हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी निर्धूर स्वयंपाकघरावर पुस्तिका काढली. तेव्हा काळजी होती बाईच्या डोळ्यांची. सत्तरच्या दशकात तेल भडकलं, जंगलं विरळ झाली, आणि तीच चूल लाकूड वाचवायला हवीशी झाली. (आता तिच्याकडून कार्बनही वाचवून हवाय. बिचारी चूल!) १९८३मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. अनुदान आलं, उद्दिष्टं आली. २००२मध्ये तो गुंडाळला तोवर सुमारे साडेतीन कोटी चुली कागदावर चढल्या होत्या.

मोजल्या त्या बसवलेल्या चुली. १९९५-९६च्या देशव्यापी पाहणीत मात्र त्यातल्या साधारण ६० टक्केच वापरात सापडल्या.

आजीची का बंद पडली, हे मी तिला एकदा विचारलं होतं. तिची तक्रार भाकरीची. चुलीचं तोंड एवढंसं, तव्यावरून काढलेली भाकरी निखाऱ्यांपुढे उभी करून शेकायला जागाच नाही. मागच्या वैलाला आच पोचायची नाही. सरपण बारीक फोडून घालायचं, ते फोडणार कोण? धुराड्यात काजळी साठली की धूर उलटा घरात. "डोळ्यांतलं पाणी परवडलं रे, कच्ची भाकरी कशी वाढू?" आजीला दमा होता, तरी हे म्हणाली.

ओडिशात रेमा हॅना, एस्तर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी अशाच चुली काही वर्षं पाहिल्या. २०१२मध्ये निष्कर्ष आले: पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर घटला, मग तो फरक विरून गेला. प्रयोगशाळेत पास झालेली चूल घरात नेमाने पेटतच नव्हती, डागडुजीही होत नव्हती. मला यात बायकांचं अडाणीपण दिसत नाही. चूल आखताना भाकरी कुणी थापून पाहिली होती का, एवढंच विचारावंसं वाटतं.

पुढे आजीकडे गॅस आला. चहा गॅसवर, भाकरी शेवटपर्यंत जुन्या चुलीवर. आणि धुराड्याचा पाईप? तो न्हाणीचं पाणी अळूच्या वाफ्यात सोडायला लावला होता. अळू मात्र झकास यायचं.