फोनवाल्यांना लॅपटॉप करायचा होता: पामची गोष्ट

सुरुवातीलाच एक छोटं काम सांगतो. फोनवर उघडी असलेली सगळी अ‍ॅप्स समोर आणा. पत्त्यांसारखी शेजारी शेजारी दिसतायत ना? आता एक बोटाने वर ढकला. गेलं! रोज पन्नासदा करतो आपण हे. २००९ साली पाम कंपनीच्या ‘प्री’ या फोनमध्ये नेमकं हेच होतं. आजची गोष्ट त्याच पामची.

आधी थोडं मागे जाऊ. ३० मे २००७. पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स स्टेजवर एक छोटा लॅपटॉप दाखवतात. नाव फोलिओ. स्क्रीन १० इंची, आत लिनक्स, बटण दाबलं की लगेच सुरू. त्यांचं म्हणणं सरळ होतं: माणसाचा मुख्य कॉम्प्युटर आता खिशातला फोन. फोलिओ त्याचा जोडीदार. ईमेल फोनवर येणार, पण मोठ्या स्क्रीनवर आणि मोठ्या कीबोर्डवर लिहिता येणार. किंमत सवलतीनंतर ४९९ डॉलर.

लोक म्हणाले, एवढ्या पैशात हे फोनचं शेपूट कशाला? त्यातच महिनाभरात पहिला आयफोन विक्रीला आला. सप्टेंबरमध्ये, बाजारात येण्याआधीच, पामने फोलिओ रद्द केला. कारण मला महत्त्वाचं वाटतं: फोलिओची सिस्टीम वेगळी, नव्या फोनसाठी चाललेली वेगळी. दोन्ही सांभाळणं कंपनीला झेपणारं नव्हतं. गंमत बघा, ऑक्टोबरमध्ये आसुसचा ७ इंची ‘ई पीसी’ आला, लिनक्सवरच, आणि चांगला खपला. म्हणजे छोटा लॅपटॉप लोकांना हवा होता!

पामने मग सगळा जोर एकाच गोष्टीवर लावला: वेबओएस. २००९ चा प्री त्यावरच चालायचा. कौतुक झालं, पण विक्री कमी पडली. एप्रिल २०१० मध्ये एचपीने १२० कोटी डॉलरला पाम घ्यायचं जाहीर केलं. आता विचार करा. एचपी म्हणजे तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी पीसी कंपनी. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी सांगितलं, वेबओएस फोनवर येईल, टॅबलेटवर येईल आणि पीसीवरसुद्धा! हॉकिन्सना जे छोट्या कंपनीत जमलं नाही, ते आता होणार असं वाटलं.

१ जुलै २०११ ला अमेरिकेत टचपॅड नावाचा टॅबलेट विक्रीला आला. आणि १८ ऑगस्टला एचपीने जाहीर केलं, वेबओएसचे फोन आणि टॅबलेट बंद. ४९ दिवस! एवढ्यात आपल्याकडे नव्या भाड्याच्या घराचं डिपॉझिटही सुटत नाही. ४९९ डॉलरचा टचपॅड ९९ डॉलरला काढला, तेव्हा मात्र लोक तुटून पडले.

माझं मत सांगतो. वेबओएस वाईट होती म्हणून हरली नाही. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे आंब्याचं झाड, फळ धरायला वर्षं जातात. अ‍ॅप बनवणारे येतात, लोक सवय करतात, मग कुठे ती उभी राहते. इथे मालक रोपटं उपटून मुळं धरलीत का ते बघत होते.

पण रोप मेलं नाही. तिचे डिझायनर मातियास दुआर्ते २०१० मध्येच गूगलच्या अँड्रॉइडकडे गेले. आणि २०१३ मध्ये एलजीने वेबओएस घेतली, पुढच्या वर्षीपासून टीव्हीत घातली. आमच्या घरात आई ज्या टीव्हीवर मालिका बघते, त्यात तीच आहे. लॅपटॉप व्हायला निघालेली सिस्टीम भिंतीवर जाऊन बसली!

मला हे आज का आठवलं? कारण ते जुनं स्वप्न संपलेलं नाही. २०१७ पासून सॅमसंगचे काही फोन मॉनिटरला जोडले की डेस्कटॉपसारखे चालतात. उद्या कोणीतरी तुम्हाला ‘फोन अधिक लॅपटॉप’ विकायला येईलच. तेव्हा रॅम किती, कॅमेरा किती हे विचाराच. पण आधी विचारा, अपडेट किती वर्षं देणार? लिहून दिलंय का? कारण मशीन आपण एकदाच विकत घेतो, पण ती चालते कंपनीच्या धीरावर.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ते उघडं राहिलेलं अ‍ॅप वर ढकला!