बाजारात मिळालेलं उत्तर

दुसऱ्या शतकातल्या पॉसेनियस या ग्रीक प्रवाशाने फाराय गावातल्या एका देवाची नोंद करून ठेवली आहे. भर बाजारात दाढीवाल्या हर्मीसची लहानशी दगडी मूर्ती होती. प्रश्न असलेल्याने संध्याकाळी यायचं, धूप जाळायचा, समोरच्या दिव्यांत तेल घालून ते लावायचे, वेदीवर एक नाणं ठेवायचं आणि देवाच्या कानात प्रश्न सांगायचा. मग दोन्ही कान झाकून बाजाराबाहेर पडायचं. हात काढल्यावर कानी येईल तो शब्द म्हणजे देवाचं उत्तर. बोलणारा कोण, कशाबद्दल बोलतोय, याला महत्त्व नव्हतं.

मन अडलेलं असताना कुठूनसं गाणं कानावर यावं आणि ते आपल्यालाच सांगतंय असं वाटावं, या अनुभवाचं मूळ मला फारायच्या बाजारात दिसतं. अर्थात ते एकट्या ग्रीकांचं नव्हे. आपल्याकडे अशा अवचित वाणीला उपश्रुती म्हणत. महाभारताच्या उद्योगपर्वात नहुषाच्या जाचाने कावलेली इंद्रपत्नी शची रात्रीदेवीची आराधना करते, तेव्हा उपश्रुतीच देहधारी होऊन तिला कमळाच्या देठात लपलेल्या इंद्रापर्यंत नेते. कोकणात आजही आधी गाऱ्हाणं घालतात, मग कौल घेतात. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

इसवी सन ३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत पुढे ख्रिस्ती संत झालेला ऑगस्टीन रडत बसला होता. ‘अजून किती दिवस?’ हा त्याचा देवाला प्रश्न होता. शेजारच्या घरातून लहान मुलाचा गाता आवाज आला: घे, वाच. मुलांच्या कुठल्या खेळात असं गाणं असतं का, हे त्याने आठवून पाहिलं. आठवलं नाही. मग त्याने पॉलची पत्रं उघडली, नजर पडली तो उतारा वाचला आणि त्याचं आयुष्य पालटलं. पोरांच्या गाण्यातून देव बोलला, असं इतक्या प्रामाणिकपणे सांगणारी दुसरी नोंद मला माहीत नाही.

विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने या प्रकाराला ‘सिंक्रोनिसिटी’ हे नाव दिलं. १९५२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउलीच्या निबंधासोबत त्याचा यावरचा प्रबंध छापून आला. कार्यकारणाचा धागा नसलेल्या दोन घटना अर्थाने जोडलेल्या असू शकतात, हा त्याचा दावा. ‘ई चिंग’ या चिनी ग्रंथाच्या इंग्रजी आवृत्तीला त्याने प्रस्तावनाही लिहिली. नाणी टाकून त्या ग्रंथाला प्रश्न विचारणं अमेरिकेत रुजलं आणि विज्ञानकथाकार फिलिप के. डिकने १९६२ ची ‘द मॅन इन द हाय कासल’ ही कादंबरी रचताना त्याच ग्रंथाचा कौल घेतला.

पुढे मात्र आधी प्रश्न, मग उत्तर हा क्रम उलटला. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट वेनच्या वृत्तपत्रात एक लेख आला. १९३९ चा ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ हा चित्रपट आवाज बंद करून लावायचा आणि सुरुवातीच्या बोधचिन्हातल्या सिंहाच्या डरकाळीबरोबर पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा १९७३ चा अल्बम सुरू करायचा. चित्रपटाची नायिका डोरोथी रंगीत दुनियेत येते त्या सुमारास नाण्यांचा खणखणाट ऐकू येतो! वादकांनी असा काही हेतू असल्याचं नाकारलं. लोक जुळण्या मोजतच राहिले. विचारलं काय होतं, हे कुणीच सांगत नव्हतं.

क्रम उलटण्याची खरी किंमत डिकने आधीच मोजली होती. १९७४ मध्ये बीटल्सचं ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ ऐकताना आपल्या लहानग्या मुलाला हर्निया असल्याचं कळलं, असं तो सांगे. डॉक्टरांनी तपासलं, निदान खरं निघालं, शस्त्रक्रिया झाली. उत्तर हाती होतं, प्रश्न त्याने विचारलेलाच नव्हता. बोललं कोण, आणि मलाच का, हे शोधत १९८२ मध्ये मरेपर्यंत तो रात्र रात्र लिहीत राहिला. ती टिपणं सुमारे ८,००० पानं भरली.